मास्साबांचं मत

बुद्धिबळाच्या एका डावावरून मी आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाची पायरी चढणं कायमचं सोडलं, असं सांगितलं की लोकांना हसू येतं. येऊ दे. ज्यांना हसू येतं त्यांनी मास्साबांना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, आणि इतकी वर्षं झाली तरी विषय निघाला की माझं डोकं तापतं. नवरा म्हणतो, "अगं, खेळ होता तो." खेळच होता. म्हणूनच तर जास्त राग येतो.

मास्साब आमच्या देवासच्या घराशेजारी राहायचे. आमच्या दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच होती. मूळचे धारचे. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या चाकरीत माळव्यात आले आणि तिथलेच झाले. मास्साबांनी सगळी नोकरी धार जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत काढली. गंधवानी झालं, डही झालं, शेवटची बरीच वर्षं निसरपूर. बायको गेल्यावर आणि पेन्शन सुरू झाल्यावर ते देवासला मुलाकडे आले. मुलगा सुहास इथल्या एका कारखान्यात होता. मास्तर साहेबांचं माळव्यात मास्साब होतं, त्यामुळे भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मास्साबच म्हणत. मीही.

कॉलनीतली आम्ही बाकीची माणसं कारखान्यांच्या मागे महाराष्ट्रातून आलेली. आमची मराठी टीव्हीतली, त्यांची त्यांच्या आजोबांच्या तोंडची. "आम्हांस चहा नको," असं ते म्हणाले की आमची मुलं तोंडावर हात धरून हसायची. या मुलांना लग्नपत्रिकेवरची मराठी धड वाचता येत नव्हती, पण हसायला पुढे.

या माणसाला एक गोष्ट मुळीच खपत नसे. त्यांचं म्हणणं कोणी लगेच मान्य केलं की ते चिडायचे. एकदा मी फोडणी करत होते आणि ते दारात उभं राहून काहीतरी सांगत होते. मी आपलं म्हटलं, "हो मास्साब, बरोबर आहे तुमचं."

"काय बरोबर आहे, सांगा पाहू."

मला कुठे ठाऊक. मोहरी तडतडत होती.

"ऐकलंच नाहीत, तर हो कशास म्हणालात, बाई?"

मला असा संताप आला की दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाच्या पाण्यावरून काही म्हटल्याबरोबर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. माझे मुद्दे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दोन खोडले, एक मान्य केला आणि खुशीत घरी गेले. जाताना म्हणाले, "आज बोलण्यात मौज आली."

त्यांच्या घरी संध्याकाळच्या भाजीवर मतदान व्हायचं. खोटं सांगत नाही. मास्साब, सुहास आणि त्याची बायको, तिघांची तीन मतं. मास्साबांना गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भाजी आवडायची आणि गिलकं जवळजवळ रोज हरायचं. रविवारी तर दाल-बाफले, वरणाबरोबर खायचे ते कणकेचे टणक गोळे, ठरलेलेच, कारण नवरा-बायको एक व्हायचे. मास्साबांचे दात बाफल्यांच्या कामाचे उरले नव्हते. ते बाफला वरणात बुडवून ठेवायचे आणि तो मऊ होईपर्यंत ताटासमोर गप्प बसून राहायचे. सून म्हणायची, "बाबा, तुमच्यापुरतं गिलकं करते ना." ते नको म्हणायचे. हरलेल्याने वेगळी चूल मांडायची असेल तर मतं घेता कशाला, असा त्यांचा सवाल असे.

हे वेड कुठून आलं ते त्यांनीच मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागते. तेव्हा कागदाच्या मतपत्रिका आणि पत्र्याच्या पेट्या होत्या. डहीकडच्या एका केंद्रावर गावचा एक बडा माणूस चार तगडी पोरं घेऊन आला आणि म्हणाला, "मास्साब, पूरे गाँव का फैसला हो गया है. आप तो बस ठप्पे लगवा दो, फिर खाना खाओ." मास्साब पेटीवर जाऊन बसले. खरोखरच बसले, पेटीच्या झाकणावर. म्हणाले, गावचा निर्णय झाला असेल, पण माणसांचा व्हायचा आहे. संध्याकाळी पोलिसांची गाडी येईपर्यंत ते उठले नाहीत आणि त्या माणसाकडचं जेवलेही नाहीत.

निसरपूरची गोष्ट मात्र ते सांगायला लागले की मध्येच थांबायचे. धरणाचं पाणी गावात येणार हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. मतदानाच्या दिवशी एक म्हातारी बोटाला शाई लावून घेताना त्यांना म्हणाली, "मास्साब, यहाँ ठप्पा लगाने से घर बचेगा क्या?" ते मला म्हणाले, "आमदार कोण हवा ते त्यांना दर खेपेस विचारले. गाव बुडवावे की कसे, हे कोणी विचारले नाही." एवढं बोलून ते उठून अंगणात जायचे.

तर असा माणूस. आणि त्याच्या नशिबी काय आलं, तर आमचं मंडळ.

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं. मंडळाच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आणि इंटरनेट आलं होतं. धारच्या मराठी मंडळींनी आव्हान धाडलं की आपण बुद्धिबळ खेळू, देवास विरुद्ध धार. एका वेबसाइटवर गावंच्या गावं खेळू शकतात म्हणे. त्याची रीत सोपी होती. आपल्या संघातल्या प्रत्येकाने लॉगिन करायचं, पट बघायचा आणि आपल्याला पटेल त्या चालीला मत द्यायचं. दोन-तीन दिवसांची मुदत संपली की जिला जास्त मतं ती चाल आपोआप खेळली जाते. मग समोरच्या गावाने तसंच करायचं. शिवाय कोणत्या चालीला कोणी मत दिलं, त्यांची नावंही त्या चालीखाली दिसत. आमचं सगळं बिघडलं ते या नावांपायी.

कारण मंडळाचे अध्यक्ष होते साहेब. ज्या कारखान्यात सुहास होता आणि कॉलनीतले निम्मेअधिक पुरुष होते, त्या कारखान्याचे सर्वेसर्वा. बोलायला गोड. गणपतीत सढळ हाताने खर्च करायचे. खोलीतल्या हात असलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. साहेब पहिलं मत द्यायचे आणि मग त्यांच्या नावाखाली, रेशनच्या दुकानापुढे लागते तशी नावांची रांग लागायची. घोडा कसा चालतो हे ठाऊक नसलेले लोकसुद्धा त्या रांगेत होते. मी बँकेत नोकरीला. साहेबांच्या हातात माझं काहीच नव्हतं, म्हणून मी मला वाटेल तिकडे मत द्यायचे. त्याचं कौतुक नको.

मास्साब दोन चाली गप्प राहिले. तिसऱ्या चालीला उभे राहिले. "हे मतदान आहे की हजेरी?"

पुढच्या रविवारी ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकणाला खाच पाडलेली. त्यांनी सांगितलं, ज्याने त्याने आपली चाल चिठ्ठीवर लिहून यात टाकावी, नाव लिहू नये. मोजणी मी करावी, कारण बँकवाल्या बाईंना मोजायची सवय आहे. जी चाल जिंकेल तिला मग सगळ्यांनी वेबसाइटवर मत द्यावं. साहेब हसून म्हणाले, "करा, करा. मजा आएगा."

मजा आलीच. पहिल्याच मोजणीत साहेबांची चाल पडली. मी निकाल वाचला तेव्हा खोलीत अशी शांतता झाली की मला वाटलं आपण काही वावगं बोललो. पण डब्याने निवडलेली चाल अशी निघाली की धारवाल्यांचा उंट गेला. त्यानंतर काय सांगू, त्या खोलीत जीव आला. कारखान्याच्या स्टोअरमधला एक गृहस्थ, ज्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो पोहे-जिलेबीची बशी हातात घेऊन भांडायला लागला. "अरे भिया, हत्ती अभी मत हिला, माझं ऐक तर." लोक चिठ्ठी टाकायच्या आधी घरी पट मांडून बसायला लागले. मास्साब कोपऱ्यात उभे राहून हे सगळं बघायचे. स्वतःची चाल पडली तर अधिकच खूश दिसायचे.

हे साहेबांना किती दिवस सोसणार? एका रविवारी ते फार दुखावलेल्या आवाजात बोलले. "आपण सगळे एका घरची माणसं. घरात लपवाछपवी कशाला? माझ्यासमोर मत द्यायची माझ्याच माणसांना भीती वाटते, याचं मला वाईट वाटतं."

"नाही नाही साहेब, भीती कसली," सगळे एकदम म्हणाले.

आणि भीती नाही हे दाखवायला डबा काढून टाकायचा ठराव झाला. त्यावर मतं घेतली ती हात वर करून. साहेबांच्या समोर. गुप्त मतदान बंद करायचं की नाही हे उघड हातांनी ठरवणारं दुसरं मंडळ पृथ्वीवर असेल तर मला दाखवा. विरुद्ध दोन हात होते, मास्साबांचा आणि माझा. सुहासचा हात बाकीच्यांबरोबर वर गेला. त्याची नजर फरशीवर होती.

घरी जाताना मला राहवलं नाही. "तुमच्या मुलानेसुद्धा, मास्साब?"

"त्याला पोट आहे," ते म्हणाले.

पोट म्हणजे काय ते सगळ्या कॉलनीला माहीत होतं. सुहास अजून कंत्राटावर होता. त्याला कायम करायचे कागद साहेबांच्या टेबलावर होते आणि त्याच्या बायकोला दिवस गेले होते. मधल्या भिंतीतून मला त्याचा आवाज यायचा. "बाबा, एक डाव आहे तो. तुमची पेन्शन आहे. मला रोज त्या गेटमधून आत जायचंय." मास्साबांचं उत्तर ऐकू येत नसे. ते हळू बोलत तरी असावेत, नाहीतर गप्प तरी.

मग ती चाल आली. डावात आम्ही वरचढ होतो. धारवाल्यांनी कडेचं एक प्यादं मोकळं सोडलं होतं, त्याला कोणाचा जोर नव्हता. साहेबांनी जाहीर केलं, "वजिराने प्यादं मारायचं. फुकट मिळतंय."

मास्साबांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर पट मांडून मला दाखवलं होतं. वजीर त्या कोपऱ्यात गेला की आपला राजा आहे ती मागची पट्टी उघडी पडते. धारवाल्यांचा हत्ती सरळ खाली उतरतो आणि खेळ खलास. म्हणून पुढे गेलेला घोडा आधी मागे आणायचा, राजाजवळ. हेच त्यांनी खोलीत सगळ्यांना सांगितलं, पट मांडून, एकेक मोहरा हलवून. माझ्यासारखीलाही समजलं, तर बाकीच्यांना समजलं नाही असं कोणी मला सांगू नये.

साहेब खुर्चीत रेलून बसले. "घोडा मागे? मास्साब, मराठ्यांचा घोडा मागे फिरत नाही."

लोक हसले.

"आणि तुम्ही मूळचे धारचेच, नाही का? गंमत केली हो, गंमत." मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुहासच्या पाठीवर थोपटलं. "सुहास, वडिलांना समजवा जरा. तुमचंही काम आलंय माझ्या टेबलावर. बघायचंय अजून."

हे वाक्य ते हसत हसत बोलले. खोलीत इतकी शिकली-सवरलेली माणसं होती, इंजिनियर होते, एक वकील होते, आणि एकाचंही हसू मावळलं नाही. एका खेळातल्या लाकडाच्या प्याद्यासाठी तुम्ही माणसाच्या पोराची भाकरी दाखवता? मला तेव्हाही ओरडावंसं वाटलं होतं आणि आत्ता हे लिहितानाही वाटतंय. मास्साबांनी फक्त मोहरे डब्यात भरले आणि पट घडी करून काखेत घेतला.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणाला आशा नको. वजिराने प्यादं मारलं. धारवाल्यांचा हत्ती खाली उतरला आणि आम्ही हरलो. "नशीब जोरावर होतं धारवाल्यांचं," असं साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सुहासचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. कारण विचारायला गेला तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि मग साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली ती देवासला परत आलीच नाही. सुहासने पीथमपूरला काम धरलं, बिऱ्हाड धारला नेलं, आणि मास्साब जिथून आले होते तिथे परत गेले.

पण मला सांगायचंय ते मतदानाच्या संध्याकाळचं.

मास्साबांना माऊस जमत नसे. त्यांच्या नावाने लॉगिन मी करायचे, ते शेजारी उभे राहून चाल सांगायचे आणि मी बटण दाबायचे. त्या संध्याकाळी साहेबांच्या नावाखाली रांग लागून चुकली होती. साहेब खुर्चीत होतेच. मी घोड्यावर माऊस नेऊन ठेवला, कारण काय सांगणार ते मला ठाऊकच होतं.

"वजीर," मास्साब म्हणाले. "वजिराने प्यादे मारा."

मी मागे वळून बघितलं. "मास्साब, घोडा ना?"

"बाई, मी सांगतो ते दाबा."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी दाबलं. त्यांचं नाव जाऊन त्या रांगेच्या शेवटी लागलं. साहेबांनी टाळी वाजवली. "वा मास्साब, ये हुई ना बात." आणि समाधानाने घरी जायला उठले. त्यांच्यामागून बरेचजण उठले. मास्साब भिंतीशी उभेच होते. मी रागारागाने माझं मत घोड्याला दिलं. घोड्याखाली माझं एकटीचं नाव. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना. आणि रागावून तरी काय करणार? कोणासाठी केलं ते दिसतच होतं.

थोड्या वेळाने सुहास आला. शिफ्ट सुटून थेट आला होता, डब्याची पिशवी खांद्याला तशीच. मी उठले, तो बसला. त्याने लॉगिन केलं, घोडा मागे आणला आणि मत दिलं. माझ्या नावाखाली त्याचं नाव आलं.

मास्साब भिंतीपासून पुढे आले. पडद्यावर वाचून ते त्याच्याकडे वळले. "हे काय केलेस?"

"मत दिलं."

"बापाची चाल म्हणून दिलेस? माझा मान राखलास? अरे गाढवा, याकरिता मी... घरी ती गर्भार पोर वाट बघत बसली आहे. तिचा तरी विचार करायचास. मान राखायला हीच वेळ मिळाली तुला?"

सुहासने खुर्ची मागे सरकवली. तो चिडलेला नव्हता, दमलेला दिसत होता. "तुमची चाल म्हणून कुठे दिलं, बाबा? तुमचं मत तर वजिराला आहे, इथं दिसतंय. काल तुम्ही झोपल्यावर मी पट मांडून पाहिला. सगळीकडून पाहिला. घोडाच मागे यायला हवा."

सुहास पिशवी सावरून बाहेर जाऊन उभा राहिला, त्यांची वाट बघत. जे दोघे-तिघे उरले होते तेही चपला शोधायला लागले. मी कॉम्प्युटर बंद करायला वाकले तसा त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं.

"बाई, दिलेले मत फिरवता येते का हो यात?"

"नाही, मास्साब. एकदा दिलं की दिलं."

त्यांनी मान हलवली. "ते योग्यच आहे," म्हणाले, आणि चष्मा वर सरकवून त्या रांगेतलं आपलं नाव वाचत उभे राहिले.